उपाशी राहून आणलेला आकडा

पत्राचा सारांश: पत्रलेखिका 29 वर्षांच्या असून एका माध्यमिक शाळेत शिक्षिका आहेत. हे त्यांचे पहिलेच गरोदरपण. सव्विसाव्या आठवड्यात ग्लुकोज पिऊन केलेल्या तपासणीत दोन तासांनंतरची साखर 172 आली, म्हणजे गरोदरपणातला मधुमेह निघाला. दोन आठवडे पथ्य केल्यावरही जेवणानंतरची साखर 136 भरली, म्हणून डॉक्टरांनी इन्सुलिन सुचवले. पत्रलेखिकांनी आठवडाभराची मुदत मागून घेतली आणि त्या आठवड्यात रात्रीचे जेवण जवळजवळ बंद केले, दुपारी अर्ध्या भाकरीवर भागवले. आकडे 108 ते 118 येऊ लागले, पण वजन एक किलोने उतरले आणि वर्गात उभ्या असताना चक्कर येते. उपाशी राहिल्याचे त्यांनी डॉक्टरांना सांगितलेले नाही. "एकदा सुई लागली की जन्मभर सुटत नाही", असे सासूबाईंचे म्हणणे आहे. आईला मधुमेह आहे, आणि तिने बाळंतपणासाठी डिंक-खारीक आणून ठेवले आहे. पत्रलेखिका विचारतात: मी तर अंगाने बारीक, मग मला हे कसे झाले? मे महिन्यात आंबे फार खाल्ले, त्याचे हे फळ का? असेच पथ्य पुढे रेटून इन्सुलिन टाळता येईल का? आणि बाळंत झाल्यावर हे सगळे संपेल ना?

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात प्रश्न बरेच आहेत, परंतु ज्या गोष्टीला तुम्ही "पथ्य" म्हणून एका ओळीत उरकले आहे, तिच्यापासूनच मला सुरुवात करावी लागेल. रात्री न जेवणे आणि दुपारी अर्ध्या भाकरीवर उठणे हे पथ्य नव्हे, ती उपासमार आहे, आणि ती आज रात्रीपासून थांबवायला हवी. गरोदरपणात उपाशीपोटी साखर 95 च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी 120 च्या आत असावी, असे डॉक्टर सांगतात तेव्हा त्यात एक अट गृहीत धरलेली असते: बाईने स्वतःला आणि बाळाला पुरेल इतके जेवून मग तो आकडा आलेला असावा. जेवणच काढून घेतले तर आकडा खाली येणारच. त्यावरून तुमचे शरीर साखर कशी हाताळते आहे हे कळत नाही, तुम्ही किती कमी खाल्ले एवढेच कळते.

गरोदर बाईला दिवसाला किमान 175 ग्रॅम कर्बोदके, म्हणजे भाकरी-पोळी, भात, कडधान्ये, दूध आणि फळे यांतून मिळणारा पिष्ट व साखरेचा भाग लागतो, आणि मधुमेह असला तरी ही किमान मर्यादा बदलत नाही. तेवढे मिळाले नाही की शरीर साठवलेली चरबी जाळू लागते, आणि गरोदरपणात हे इतर वेळेपेक्षा लवकर घडते. चरबी जळताना तयार होणारे कीटोन रक्तात वाढणे बाळासाठी चांगले मानले जात नाही. एकोणतिसाव्या आठवड्यात वजन वाढायचे सोडून उतरते आहे आणि फळ्यासमोर चक्कर येते आहे, या दोन गोष्टी ऐकल्या असत्या तर तुमच्या डॉक्टरांनी 108 चा आकडा पाहून समाधान मानले नसते. ठरलेल्या तारखेची वाट न पाहता उद्याच फोन करा आणि या आठवड्यात नेमके काय खाल्ले, ते जसेच्या तसे सांगा. रागावतील अशी भीती वाटत असेल तर तुम्हाला एकच सांगते: इन्सुलिन द्यायचे का आणि किती द्यायचे, हा सगळा हिशेब तुमच्या वहीतल्या आकड्यांवरून होतो. उपाशीपणी घेतलेल्या आकड्यांवर बेतलेला निर्णय तुमच्या भरल्या पोटाला लागू पडणार नाही, आणि पुढे इन्सुलिन सुरू झाल्यावर तुम्ही अशाच न जेवता राहिलात तर साखर एकदम उतरून खरोखरीचा धोका उभा राहील.

आता आंबे. मे महिन्यात आंबे खाल्ल्यामुळे गरोदरपणातला मधुमेह होत नाही. गर्भाला पोसणारी वार स्वतः काही संप्रेरके तयार करते. ती आईच्या शरीरातील इन्सुलिनचा जोर कमी करतात, जेणेकरून आईच्या रक्तातील साखर बाळाला मुबलक मिळावी. हा परिणाम चोविसाव्या आठवड्याच्या आसपास वाढू लागतो आणि पुढे चढत जातो. बहुतेक स्त्रियांचे स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करून ही ओढ भरून काढते. ज्यांच्या स्वादुपिंडाची राखीव ताकद मुळात कमी असते, त्यांची साखर वाढते, आणि ती ताकद किती हे बरेचसे घराण्यावर अवलंबून असते. तुमच्या आईला मधुमेह आहे, हे कारण आंब्यांपेक्षा कितीतरी वजनदार आहे. आंबे खाल्ले नसते तर मे महिन्यातील काही आकडे कमी दिसले असते. चाचणी टळली नसती.

"मी तर बारीक आहे" या वाक्यामागेही एक समजूत आहे, आणि तिचे उत्तर आपल्या पुण्याजवळच सापडले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन 2.7 किलो होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील बाळांचे 3.5 किलो. आपली बाळे लहान होती, स्नायूंनी बारीक होती, मात्र त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. वजनकाटा जे दाखवत नाही ते आपल्या शरीरात जन्मापासून असू शकते, हे त्यातून पुढे आले. म्हणून आपल्याकडे बारीक बाईलाही मधुमेह होतो, आणि म्हणूनच आरोग्य खात्याच्या मार्गदर्शक सूचनांनुसार जाड-बारीक असा भेद न करता प्रत्येक गरोदर स्त्रीची ही तपासणी करायची असते: पहिल्या भेटीतच एकदा, आणि ती सामान्य आली तर 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचे, उपाशी असण्याची सक्ती नाही, आणि दोन तासांनी साखर 140 किंवा त्याहून जास्त आली की निदान. ही सोपी पद्धत भारतात रुजवण्यासाठी चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी आयुष्यभर खटपट केली. उपाशी यायला सांगितलेली बाई दूरच्या गावाहून पुन्हा येईलच याची खात्री नसते, हे त्यांनी ओळखले होते.

पुण्याजवळच्या त्या संशोधनाची दुसरी बाजू तुमच्या सध्याच्या आठवड्याला लागू पडते. पोटात असताना बाळाला साखर जास्त मिळणे जसे त्याच्या पुढच्या आयुष्याला बाधक, तसेच पोषण कमी मिळणेही. एक धोका टाळण्यासाठी तुम्ही नकळत दुसऱ्याकडे निघाला आहात.

इन्सुलिनबद्दल सासूबाई जे म्हणतात, त्याची मला चेष्टा करावीशी वाटत नाही. आपल्या गावांत आणि नात्यांत ज्यांना इन्सुलिन लागलेले आपण पाहतो ती बहुतेक वयस्क माणसे असतात. वर्षानुवर्षे गोळ्या अर्धवट घेतल्यावर, पायाची जखम चिघळल्यावर किंवा मूत्रपिंडे थकल्यावर, म्हणजे फार उशिरा, ती सुईपर्यंत पोहोचलेली असतात, आणि पाहणाऱ्याला वाटते की सुईनेच माणूस खचला. तुमची गोष्ट त्या जातीची नाही. तुमच्या शरीराला जे इन्सुलिन कमी पडते आहे त्याचे मुख्य कारण वार आहे, आणि प्रसूतीनंतर वार बाहेर पडली की ती ओढ काही तासांतच ओसरते. गरोदरपणात मधुमेह झालेल्या बहुसंख्य स्त्रियांचे इन्सुलिन प्रसूतीच्या दिवशीच बंद होते. सवय लागण्याचा तर प्रश्नच नाही, कारण आपले शरीर जे स्वतः बनवते तेच आपण बाहेरून भरून काढत असतो.

बाळाला सुईचे औषध जाईल अशी भीती वाटत असेल तर तीही उलट्या दिशेची आहे. वारेतून साखर पलीकडे जाते, इन्सुलिन जात नाही म्हटले तरी चालेल. डेन्मार्कचे डॉ. पेडरसन यांनी 1950 च्या दशकात याचा उलगडा मांडला: आईची जास्तीची साखर बाळापर्यंत पोहोचते, ती पचवण्यासाठी बाळाचे स्वतःचे स्वादुपिंड जादा इन्सुलिन बनवते, आणि त्या इन्सुलिनमुळे बाळाच्या अंगावर, विशेषतः खांदे आणि पोटावर, चरबी चढते. खांदे रुंद झाले की प्रसूती अडू शकते, आणि जन्मानंतर नाळेतून येणारी साखर अचानक तुटते पण बाळाचे इन्सुलिन चढलेलेच राहते, त्यामुळे बाळाची साखर धोकादायक खाली जाऊ शकते. तेव्हा तुम्ही सुई टाळलीत तर जादा इन्सुलिन बनवण्याचे काम पोटातल्या बाळाच्या वाट्याला येते. उपचारांनी फरक पडतो का, याचे उत्तर ऑस्ट्रेलियातील 1,000 स्त्रियांच्या, 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिळते: आहार, साखरेची तपासणी आणि गरजेप्रमाणे इन्सुलिन मिळालेल्या गटात बाळांना गंभीर गुंतागुंत झाल्याचे प्रमाण 1 टक्का होते, तर नेहमीचीच देखभाल मिळालेल्या गटात 4 टक्के.

मेटफॉर्मिनची गोळी हा पर्याय आहे आणि आपल्याकडील मार्गदर्शक सूचनांत त्याला जागाही आहे. सुईची धास्ती फारच असेल किंवा घरी टोचून देणारे कोणी नसेल तर डॉक्टरांशी त्याबद्दल जरूर बोला. मात्र दोन गोष्टी माहीत असू द्या: ही गोळी वार ओलांडून बाळापर्यंत जाते, आणि ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील 2008 च्या मोठ्या अभ्यासात मेटफॉर्मिन घेणाऱ्यांपैकी 46 टक्के स्त्रियांना पुढे जोडीला इन्सुलिन घ्यावेच लागले. गोळी म्हणजे सौम्य आणि सुई म्हणजे कडक, असा हिशेब येथे लागू होत नाही. माझे मत विचाराल तर दोन आठवडे नीट जेवून पथ्य केल्यावर 136 आलेला आकडा खराच होता आणि डॉक्टरांचा सल्ला योग्य होता.

इन्सुलिन सुरू झाले तर काही बारीक गोष्टी पहिल्याच दिवशी डोळ्यांनी पाहून घ्या. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या 40 युनिट आणि 100 युनिट अशा दोन तीव्रतेच्या मिळतात आणि त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात. 40 ची सिरिंज लाल टोपणाची, 100 ची केशरी टोपणाची. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळला नाही तर डोस अडीचपट चुकू शकतो, तेव्हा औषधाच्या दुकानातच दोन्ही शेजारी धरून पाहा. पोटावर टोचले तरी सुई त्वचेखालच्या चरबीपलीकडे जात नाही, बाळाला तिचा स्पर्शही होत नाही. न उघडलेली बाटली फ्रीजच्या दारात ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही. बोटातून रक्त काढण्याआधी हात साध्या पाण्याने धुऊन कोरडे करा, कारण केळे सोललेल्या किंवा गूळ फोडलेल्या बोटावरून घेतलेला थेंब खोटा आकडा दाखवतो. टोचताना बोटाच्या टोकाऐवजी कडेला टोचले तर दुखणे कमी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, इन्सुलिन घेतल्यावर जेवण चुकवायचे नाही. दरदरून घाम, हातांची थरथर, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी असे काही झाले तर बसा, तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासा आणि मग काहीतरी खा. शाळेच्या पर्समध्ये साखरेची पुडी आणि शेजारच्या वर्गावरील बाईंना याची कल्पना, दोन्ही असू द्यात. तुमच्या पत्रात यजमानांचा उल्लेख एकदाच आला आहे, रिपोर्ट आणायला गेल्याचा. हे सगळे त्यांनाही शिकू द्या. रात्री-अपरात्री साखर उतरली तर जवळ तेच असणार आहेत.

जेवणाच्या बाबतीत आपल्याकडच्या पथ्यात एक मोठी गफलत होते. चहातली साखर सोडली जाते आणि भाकरीला मात्र मोकळीक दिली जाते. ज्वारीची भाकरी पोळीपेक्षा बरी असली तरी ती पिष्टच आहे, आणि तीन भाकऱ्या या तीन भाकऱ्याच असतात. साखरेऐवजी गूळ किंवा मध घेतल्याने साखरेचा प्रश्न सुटत नाही. उपवासाला साबुदाण्याची खिचडी खाणे म्हणजे निव्वळ पिष्ट खाणे आहे, आणि तसेही गरोदरपणात उपवास नकोतच. तुमच्या वहीत सकाळच्या नाश्त्यानंतरचे आकडे सर्वांत जास्त आहेत, हे मला आश्चर्याचे वाटले नाही, कारण पहाटेच्या संप्रेरकांमुळे सकाळी इन्सुलिनचा जोर सर्वांत कमी असतो आणि नेमके तेव्हाच आपण पोहे आणि गोड चहा घेतो. त्याऐवजी मुगाचे धिरडे, मोड आलेल्या मटकीची उसळ, अंडे, किंवा डाळींची पिठे जास्त घातलेले थालीपीठ दह्याबरोबर घेऊन पाहा. दिवसभराचे खाणे तीन मध्यम जेवणे आणि मधल्या दोन-तीन छोट्या खाण्यांत वाटा. ताटात आधी भाजी-कोशिंबीर, मग उसळ किंवा घट्ट वरण, आणि त्यांच्या जोडीला एक-दीड भाकरी किंवा वाटीभर भात. भात बंद करण्याची गरज नाही. फळ अख्खे खा, रस नको, आणि जेवणाला लागून नको. झोपण्यापूर्वी बिनसाखरेचे कपभर दूध घेतले तर रात्रीचा उपवास फार लांबत नाही. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे अंगणात किंवा गच्चीवर चालणे हे, डॉक्टरांनी चालायला मनाई केली नसेल तर, सर्वांत स्वस्त औषध आहे. वाईट आकडा आला तर त्याशेजारी काय खाल्ले होते ते लिहा. मार्कांसारखा तो आकडा स्वतःला देऊ नका, तुम्ही शिक्षिका असलात तरी.

प्रसूतीबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी थोडे सांगते. मधुमेह आहे म्हणून सिझेरियनच करावे लागते असे नाही. साखर आटोक्यात असेल आणि बाळाचे वजन बेताचे असेल तर नैसर्गिक प्रसूतीची वाट पाहता येते. एकोणचाळिसाव्या आठवड्यापर्यंत कळा आल्या नाहीत तर डॉक्टर त्या सुरू करण्याबद्दल बोलतील. प्रसूती जेथे होणार तेथे नवजात बाळाची साखर तपासण्याची आणि गरज पडल्यास बाळाला दाखल करून घेण्याची सोय आहे का, हे माहेरी जाण्यापूर्वी विचारून ठेवा. तालुक्याच्या गावी ती नसेल तर "पहिले बाळंतपण माहेरीच" हा रिवाज या वेळी थोडा वाकवावा लागेल: प्रसूती सध्याच्या डॉक्टरांकडे आणि मग बाळाला घेऊन माहेर. बाळाला पहिल्या तासातच अंगावर घ्या. पहिले चिकाचे दूध हाच बाळाची साखर सावरण्याचा पहिला उपाय आहे. टाचेतून थेंबभर रक्त घेऊन पहिल्या दिवशी काही वेळा साखर पाहतील. तीत घाबरण्यासारखे काही नाही. मध चाटवणे, गुळाचे पाणी, गुटी यांतले काहीही देऊ नये, आणि मध तर वर्षभर नाही. मधुमेह झालेल्या काही आयांना दूध भरून यायला एखादा दिवस उशीर लागतो. त्यावरून "हिला दूधच नाही" असा निकाल कोणी देऊ लागले तर ऐकू नका, बाळाला वारंवार पाजत राहा.

आता डिंकाच्या लाडवांकडे येते, कारण ते तुमच्या आईने प्रेमाने योजले आहेत. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत दिवसाला सुमारे 600 कॅलरी जास्त लागतात. म्हणून बाळंतिणीने कमी खावे असे मी कधीच सांगणार नाही. आपल्या बाळंतिणीच्या आहारात चांगलेही पुष्कळ आहे: शेपूची भाजी, बाजरीची भाकरी, कुळथाचे पिठले, लोहाने भरलेले अळीव, लसूण-ओवा घातलेल्या चटण्या. अडचण होते ती सकाळी शिरा, दहाला लाडू, दुपारी खीर, संध्याकाळी पुन्हा लाडू आणि दिवसभर पलंग, अशा सव्वा महिन्याने. आईला सांगा, लाडू करच, पण लिंबाएवढे कर, गूळ निम्म्यावर आण, खारीक हात आखडून घाल, आणि डिंक, खोबरे, बदाम व मेथी यांवर भर दे. दिवसाला एक, तोही सकाळच्या खाण्यातला एक पदार्थ कमी करून. अळिवाची खीर दुधात, गूळ नावापुरता. आईला स्वतःला मधुमेह आहे, तेव्हा असे लाडू घरात असणे तिच्याही सोयीचे.

"बाळंत झाल्यावर हे संपेल ना?" याचे उत्तर दोन टप्प्यांत द्यावे लागते. बहुतेकींची साखर काही दिवसांत मूळ पदावर येते. परंतु गरोदरपणात मधुमेह झालेल्या स्त्रीला पुढील आयुष्यात टाइप 2 मधुमेह होण्याचा धोका इतर स्त्रियांच्या तुलनेत सात ते दहापट असतो, हे वेगवेगळ्या देशांतील अभ्यास एकत्र करून काढलेले अनुमान आहे. म्हणून प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी, फार तर बारा आठवड्यांच्या आत, 75 ग्रॅम ग्लुकोजची तपासणी पुन्हा करायची असते, आणि या वेळी ती उपाशीपोटी सुरू करायची. उपाशीपोटीची साखर 126 किंवा त्याहून जास्त, अथवा दोन तासांनंतरची 200 किंवा त्याहून जास्त, म्हणजे मधुमेह मागे राहिला आहे. दोन तासांनंतरची 140 ते 199 म्हणजे उंबरठ्यावर. प्रयोगशाळेतील कोणी "नुसते तीन महिन्यांचे सरासरी करा, पुरते" असे म्हणाले तर मानू नका. एचबीएवनसीचा तो आकडा गरोदरपणातील रक्तपेशींची उलाढाल, प्रसूतीतील रक्तस्राव आणि अॅनिमिया यांमुळे या काळात फसवा असतो.

ही तपासणी आपल्याकडे सर्रास राहून जाते, आणि त्यात बाईचा आळस नसतो. प्रसूतीपर्यंत सारे घर तिच्या साखरेकडे डोळे लावून असते. बाळ हातात आले की तिच्या फायलीला कोणी वाली राहत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांचे काम टाके पाहून संपलेले असते, बालरोगतज्ज्ञ बाळाचे वजन पाहतात, बाई माहेरी, फाईल सासरी, आणि सव्वा महिना बाहेर पडायचे नाही हा दंडक. यावर मला सुचलेला उपाय साधा आहे. बाळाची दीड महिन्याची लस कोणतेही घर चुकवत नाही. त्याच सकाळी तुमची तपासणी ठेवा. घरून काही न खाता निघा, पहिले रक्त द्या, ग्लुकोज प्या, मधल्या दोन तासांत बाळाची लस होऊ द्या आणि त्याला अंगावर पाजा, त्याला बंदी नाही. मग दुसरे रक्त देऊन डबा उघडा. माता व बालसंरक्षण कार्डावर बाळाच्या दीड महिन्याच्या लशींच्या शेजारी "आईची साखर" असे पेनाने आत्ताच लिहून ठेवा, आणि गरोदरपणातील सर्व रिपोर्टांचे फोटो तुमच्या आणि यजमानांच्या, दोघांच्याही मोबाइलमध्ये असू द्या.

ती तपासणी नीट आली तरी पुढे वर्षातून एकदा साखर तपासत राहायची, आणि कोणत्याही कारणाने नव्या डॉक्टरांकडे गेलात तर "गरोदरपणात शुगर होती" हे न विचारता सांगायचे. उंबरठ्यावर आलीत तरी हातात बरेच असते: अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात, पूर्वी गरोदरपणात मधुमेह होऊन गेलेल्या आणि उंबरठ्यावर असलेल्या स्त्रियांनी वजन आणि व्यायामाकडे लक्ष दिल्यावर मधुमेह होण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. अंगावर पाजण्यानेही आईचा पुढचा धोका कमी होतो.

पुढच्या बाळाचा विचार होईल तेव्हा दिवस राहण्यापूर्वी साखर पाहा, दिवस राहिल्यावर नव्हे. बाळाचे हृदय, मणका आदी अवयव पहिल्या आठ आठवड्यांतच आकार घेतात, आणि तोवर अनेकींना दिवस गेल्याचे नक्की कळलेलेही नसते. तोपर्यंत खात्रीशीर गर्भनिरोधन असावे. तांबी चालते, आणि त्याबद्दल दीड महिन्याच्या त्याच भेटीत विचारता येईल.

राहता राहिल्या सासूबाई. पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर घेऊन जा, आणि "सुई जन्मभर राहते का?" हा प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या. सुनेने आणलेले उत्तर आणि स्वतः विचारून मिळवलेले उत्तर यांचे वजन घरात सारखे नसते. जाण्यापूर्वी डॉक्टरांशी फोनवर बोलणे झालेले असावे, आणि त्या दिवशीची साखर नेहमीप्रमाणे पोटभर जेवून, दोन तासांनी दिलेली असावी.